फरदड

२७ जून २०१७, मंगळवार. वऱ्हाडात पेरणीचे दिवस. त्या संध्याकाळी उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे कंप्युटर बंद पडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचं. आत हजारो कंटेनर एकावर एक रचलेले, आणि कोणता कंटेनर कुठे आहे, कुणाचा आहे, कोणत्या जहाजावर चढायचा आहे, हे सगळं माहीत होतं ते फक्त कंप्युटरला. क्रेन शाबूत होत्या, माणसं होती, ट्रक होते. यादी नव्हती. काम हाताने सुरू करावं लागलं, जहाजं दुसऱ्या टर्मिनलकडे वळवावी लागली आणि बाहेर ट्रकच्या रांगा वाढत गेल्या.

हल्ला त्या बंदरावर नव्हताच. तो होता युक्रेनवर. कर भरण्यासाठी तिथल्या कंपन्या एमईडॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्ये एक विषारी प्रोग्राम घुसवला. पुढे त्याला नॉटपेट्या हे नाव पडलं. युक्रेनमध्ये ज्या ज्या कंपनीचं ऑफिस होतं, तिच्या नेटवर्कमधून तो जगभर पसरला. २०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि ब्रिटनने यामागे रशियाचं लष्कर असल्याचं जाहीर केलं, आणि २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या सहा लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. भांडण रशिया आणि युक्रेनचं. ट्रकमध्ये रात्र काढली ती उरणच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरने.

मी तेव्हा अमरावतीत इंजिनिअरिंग करत होतो. आधीच्याच महिन्यात, १२ मे रोजी, वॉनाक्रायचा हल्ला झाला होता आणि एटीएम बंद राहणार असे फॉरवर्ड व्हॉट्सॲपवर फिरत होते. आम्हा पोरांना त्यात मजाच जास्त वाटत होती. आज या धंद्यात काही वर्षं काढल्यावर त्या दोन हल्ल्यांकडे पाहतो तेव्हा तांत्रिक बाजूपेक्षा एक साधा प्रश्न मला जास्त छळतो. दोष कुणाचा? हल्ला करणाऱ्याचा तर आहेच, त्यावर वाद नाही. पण त्याच्यामागे आणखी कितीतरी जण उभे आहेत. भोक माहीत असून गप्प बसलेला. भोक बुजवायचं औषध मिळूनही न लावलेला. आणि औषध लावण्याची ऐपतच नसलेला. या तिघांना एकाच मापाने मोजायचं का?

आधी ते भोक काय होतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आपण वापरतो ती ॲप्स म्हणजे घरातले भाडेकरू. फाइल उघडायची, नेटवर काही पाठवायचं, तर त्यांना कर्नलला विचारावं लागतं. कर्नलला मात्र कुणालाच विचारावं लागत नाही. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. विंडोजमध्ये एका कंप्युटरवरच्या फाइल दुसऱ्याला दाखवण्याची सोय आहे, ऑफिसात ‘शेअर्ड फोल्डर’ म्हणतात ती. ही सोय पुरवणारा कोड वेग मिळावा म्हणून कर्नलच्या आतच बसवलेला होता. म्हणजे नेटवर्कवरून आलेली एखादी वेडीवाकडी चिठ्ठी थेट किल्ल्यांच्या खोलीत जाऊन वाचली जात होती.

चूक होती ती एका हिशेबात. समजा रोकडवहीत १,०५,००० लिहिलंय आणि ते दुरुस्त करून ९८,००० करायचंय. लिहिणाऱ्याने शेवटचे पाच आकडे खोडले, त्या जागी ९८००० लिहिलं, आणि पुढचा १ तसाच ठेवला. झाले १,९८,०००. विंडोजच्या त्या कोडमध्ये नेमकं हेच घडत होतं. मोठ्या आकड्याचा फक्त खालचा अर्धा भाग दुरुस्त व्हायचा, वरचा जुनाच राहायचा. मग गोदाम बांधलं जायचं ९८ हजार पोत्यांचं आणि माल उतरवला जायचा १,९८,००० पोत्यांचा. उरलेली पोती शेजारच्या गोदामात फुटायची. त्या पोत्यांत काय भरायचं हे चिठ्ठी पाठवणारा ठरवू शकत होता. पासवर्ड लागत नव्हता, कुणी लिंकवर बोट ठेवायची गरज नव्हती. कंप्युटर चालू आहे आणि नेटवर्कला लावलेला आहे, एवढं पुरे.

यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तो कोड होता कशासाठी? तर ओएस/२ नावाच्या, १९८७ साली आलेल्या एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइलींची माहिती विंडोजच्या साच्यात बसवण्यासाठी. २०१७ मध्ये ओएस/२ वापरणारा माणूस शोधायला दिवा घेऊन फिरावं लागलं असतं. पण कोड चालत होता, कुणाला त्रास नव्हता, मग काढायचा कशाला? राहू दिला.

वऱ्हाडातल्या वाचकाला इथे एक शब्द आठवला असेल. फरदड.

बाहेरच्यांसाठी सांगतो. डिसेंबरपर्यंत कपाशीचे मुख्य वेचे होऊन जातात. आता पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करायला हवं. पण झाड अजून हिरवं आहे, विहिरीत थोडं पाणी आहे. दोन पाणी दिले तर मार्चपर्यंत आणखी दोन-चार क्विंटल निघतो, जवळपास फुकटात. या मुदतीपलीकडे ठेवलेल्या पिकाला फरदड म्हणतात. अकोल्याचं कृषी विद्यापीठ, म्हणजे आमचं पीकेव्ही, आणि कृषी खातं सांगत आलंय की फरदड घेऊ नका. कारण बाकीच्या शेतांत खायला काही उरलेलं नसताना फरदडीच्या बोंडांत शेंदरी बोंडअळीला घर मिळतं, आणि ती पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. जुलै-ऑगस्टमध्ये तिचे पतंग रात्री उडतात तेव्हा सातबारा बघून उडत नाहीत. धुरा ओलांडतात.

योगायोग असा की नॉटपेट्या आणि बोंडअळीचं मोठं संकट एकाच वर्षातलं, २०१७ चं. बीटी कपाशी २००२ मध्ये आली, बोलगार्ड-२ हे तिचं पुढचं वाण २००६ मध्ये. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट मिळायचं, बिगर-बीटी बियाण्याचं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे अळ्यांना एक साधा आसरा मिळतो आणि बीटीला दाद न देणाऱ्या अळ्यांचीच पैदास होत नाही. ते पाकीट अनेकांनी फेकून दिलं. स्वतःच्या शेतात अळीसाठी ओळी लावायच्या, आणि फायदा कुणाला, तर पाच वर्षांनी सगळ्या तालुक्याला! हे गणित एकट्या माणसाच्या डोक्यात बसत नाही, आणि न बसण्यात मूर्खपणाही नाही. २०१७ च्या खरिपात विदर्भात बाहेरून ठणठणीत दिसणारी बोंडं फोडल्यावर आत अळी निघाली. फूल डोमकळी झालं म्हणजे पाकळ्या मिटलेल्याच राहतात. ती खूण ओळखायला नजर लागते, आणि ती दिसेपर्यंत अळी आत शिरलेली असते.

सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. आम्हीही संरक्षण विकतो ते एकेकाला, पाकिटात घालून. ते काम मात्र करतं सगळ्यांनी वापरलं तरच. कंप्युटर सहा-आठ वर्षांचा झाला, कंपनीने अपडेट बंद केले, पण मशीन सुरू होतं, बिल निघतं, मग फेकायचं कशाला? फरदडच ती. बरीच वर्षं मला वाटायचं की या उपमेतच उत्तर आहे. जुनं मशीन नेटवर्कवर ठेवणारा दोषी, कारण त्याचा नफा त्याच्या घरात आणि अळी शेजारच्या शेतात. आमच्या ऑफिसात कुठल्याही हल्ल्याची बातमी आली की पहिलं वाक्य हेच असतं, ‘अपडेट करायला काय झालं होतं?’

पण वॉनाक्रायचा तपशील वाचला की हे वाक्य घशात अडकतं. विंडोज एक्सपी म्हणजे या गोष्टीतली अस्सल फरदड. तिचे अपडेट २०१४ मध्येच बंद झालेले. सगळ्यांनी आधी बोट तिच्याकडेच दाखवलं. प्रत्यक्षात एक्सपीची मशीनं हल्ला होताच बहुतेक वेळा निळा पडदा दाखवून बंदच पडत होती, रोग पुढे पसरवत नव्हती. लागण झालेल्यांत प्रचंड बहुसंख्य होती विंडोज ७ ची मशीनं, ज्यांच्यासाठी मोफत पॅच दोन महिने आधीच, १४ मार्चला, निघालेला होता. म्हणजे पसरवण्यात मोठा वाटा होता तो गरजेपोटी जुनं सांभाळणाऱ्यांचा नव्हे, तर ज्यांना शक्य असूनही जमलं नाही त्यांचा. आणि त्यांतही मोठ्या संस्था होत्या. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेशच्या पोलिसांचे कंप्युटर सापडले, पश्चिम बंगालमध्ये वीज कंपनीची काही ऑफिसं. धुऱ्यापलीकडच्या कास्तकाराला शहाणपण शिकवण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

नॉटपेट्याने तर अपडेटवाल्यांचा उरलासुरला गर्वही उतरवला. त्याने तेच भोक वापरलं, पण सोबत आणखी एक हत्यार ठेवलं. एका मशीनमध्ये शिरला की तिथे साठलेले पासवर्ड चोरायचे आणि त्यांच्या जोरावर पॅच केलेल्या मशीनमध्येही रीतसर दारातून जायचं. शंभरातल्या एकाने पॅच लावला नाही आणि उरलेले नव्व्याण्णव गेले, असं होऊ शकत होतं. त्यात मुळात तो आला होता अपडेटमधूनच! युक्रेनमध्ये ज्यांनी आज्ञाधारकपणे आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवलं, त्यांच्याच घरी तो आधी पोचला. ‘अपडेट करा’ ही सवय चांगली आहे, मीही लोकांना तेच सांगतो. पण ती काही नीतिमत्तेची परीक्षा नाही.

मर्स्कचं काय झालं हे थोडं विषयांतर करून सांगतो, कारण ती गोष्ट ऐकून कुठलाही वऱ्हाडी माणूस गालातल्या गालात हसेल. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की दहा दिवसांत त्यांनी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कंप्युटर नव्याने उभे केले. पण नेटवर्कमध्ये कोण कोण आहे याची नोंदवही सांभाळणारे त्यांचे सर्व्हर एकजात पुसले गेले होते, आणि ती नोंदवही नसेल तर काहीच उभं करता येत नव्हतं. एकच प्रत वाचली, घाना देशात. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइन गेली होती, सर्व्हर बंद होता. जगातल्या एका सगळ्यात मोठ्या जहाज कंपनीला लोडशेडिंगने वाचवलं.

आता त्या पहिल्या माणसाकडे येऊ, माहीत असून गप्प बसलेल्याकडे.

हे भोक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, त्यात शिरण्यासाठी त्यांनी इटर्नलब्लू नावाचं हत्यारही तयार केलं होतं. वॉशिंग्टन पोस्टच्या वृत्तानुसार पाच वर्षांहून जास्त काळ ते वापरात होतं. २०१६ च्या ऑगस्टपासून शॅडो ब्रोकर्स नावाने वावरणाऱ्या कुणीतरी एनएसएची चोरलेली हत्यारं बाहेर काढायला सुरुवात केली. चोरीचा सुगावा लागल्यावर एनएसएने मायक्रोसॉफ्टला सावध केलं, असंही त्या वृत्तात आहे. १४ मार्च २०१७ ला पॅच आला, १४ एप्रिलला इटर्नलब्लू सगळ्या जगासमोर उघडं टाकलं गेलं, १२ मेला वॉनाक्राय, २७ जूनला नॉटपेट्या. साडेतीन महिन्यांचा खेळ. त्याआधीची पाच वर्षं मात्र भोक होतं, एका संस्थेला माहीत होतं, आणि औषध कुठेच नव्हतं.

त्यांची बाजू मी हलक्यात घेत नाही. देश चालवणाऱ्यांना शत्रूच्या घरात डोकवावं लागतं, आणि त्यासाठी भिंतीत कुठेतरी फट हवी. या हत्यारातून त्यांना फार मोलाची माहिती मिळत होती असं सांगितलं जातं. एखादा बॉम्बस्फोट त्यामुळे टळला असेल, तर तो न झाल्यामुळेच आपल्याला कधी कळणार नाही. कुठलीही संस्था हाती आलेलं असं भोक ठेवायचं की सांगायचं याचा हिशेब करतच असणार. अमेरिकेने तर त्या हिशेबाची पद्धत ठरवून नोव्हेंबर २०१७ मध्ये ती जाहीरही केली. एका समितीत बसून प्रत्येक भोकाचं तोलमाप करायचं.

माझी अडचण त्या तराजूशी आहे. एका पारड्यात त्यांचा फायदा, तो त्यांना नीट दिसतो, मोजता येतो. दुसऱ्या पारड्यात ठेवायचंय ते जगातल्या प्रत्येक विंडोज मशीनवर चालणारं काम. दवाखान्यातलं ऑपरेशन, उरणचा ट्रक, वीज कंपनीचं बिल. ही माणसं त्या खोलीत नाहीत. त्यांना कुणी विचारलेलं नाही, त्यांच्या वतीने बोलायला कुणी नाही, आणि आपण त्या तराजूत आहोत हेही त्यांना ठाऊक नाही. शेजाऱ्याच्या घरावर नजर ठेवायची म्हणून गावातल्या सगळ्याच घरांच्या कड्या कमजोर आहेत ही गोष्ट एकाने स्वतःजवळ ठेवायची, आणि ‘गावाच्या भल्यासाठी’ म्हणायचं. वर ती गोष्ट ज्या कपाटात ठेवली ते कपाटही फुटलं.

बोंडअळीची उपमा मला इथे सोडून द्यावी लागते. अळी तयार झाली ती हजारो लहान, समजण्यासारख्या निर्णयांतून. तिला बरणीत घालून कुणी वाढवलेलं नव्हतं. इटर्नलब्लू बरणीत वाढवलेली अळी होती. म्हणून पॅच न लावणारा आणि भोक लपवणारा यांना एका ओळीत बसवून ‘सगळ्यांचीच थोडी थोडी चूक’ म्हणणं मला लबाडीचं वाटतं. सगळ्यांची थोडी थोडी चूक म्हटलं की ज्याची जास्त आहे तो सुटतो. दोन महिन्यांची चालढकल आणि पाच वर्षांचं जाणूनबुजून मौन यांचं वजन सारखं नाही. माझ्या मते जबाबदारी आधी येते ती माहिती असण्यातून, मालकीतून नंतर. सगळ्यांच्या भिंतीतलं भोक मला कळलं, तर ते माझं धन होत नाही. ते माझ्यावरचं देणं होतं, फेडेपर्यंत.

‘मग भोक सापडलं की लगेच चौकात ओरडायचं का?’ नाही. ओरडलं तर चोरालाही ऐकू जातं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, तेही नेटवर्कच्याच भागात, असंच एक भोक सापडलं होतं. नेटफ्लिक्समधल्या जोनाथन लूनी या इंजिनिअरला. एका विशिष्ट पद्धतीने पॅकेट पाठवली की समोरचा सर्व्हर बसल्या जागी बंद पडायचा. २००९ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून ही चूक तिथे होती, दहा वर्षं, जगभरच्या सर्व्हरांत. लूनी यांनी ती आधी दुरुस्ती करू शकणाऱ्यांना कळवली. पॅच तयार झाले. १७ जून २०१९ ला भोक आणि औषध दोन्ही एकाच दिवशी जाहीर झालं, आणि ज्यांना लगेच पॅच लावता येणार नव्हता त्यांना तात्पुरती एक सेटिंग बंद करण्याचा उपायही दिला गेला. तुम्हाला या घटनेचं नावही आठवत नसेल. आठवावं असं काही घडलंच नाही.

गप्प दोघेही बसले होते. एक औषध तयार होईपर्यंत, दुसरा भोक वापरून संपेपर्यंत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मौनं सारखीच दिसतात. फरक आत आहे. तुमच्या गप्प बसण्यातून ज्यांच्या घराला भोक आहे त्यांचं काही भलं होतंय, की फक्त तुमचं?

हे सगळं पुस्तकी वाटू शकतं, म्हणून माझ्या मामांच्या काट्याबद्दल सांगतो. अकोल्याजवळ हायवेला लागून त्यांचा धर्मकाटा आहे. हंगामात कापसाच्या गाड्या, एरवी तूर, सोयाबीन, गिट्टी. वजन दाखवणाऱ्या डब्यातून एक जाड वायर निघते आणि विंडोज ७ च्या कंप्युटरमध्ये मागच्या बाजूला घुसते. पावतीचं सॉफ्टवेअर लिहून देणारा मुलगा आता फोन उचलत नाही. नवीन कंप्युटरला ती वायर लावायला जागा नाही, लावली तरी ते सॉफ्टवेअर चालेलच असं नाही. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. आणि नेट? ते शेजारच्या जिनिंगच्या ऑफिसातून केबल ओढून घेतलेलं. ज्या नेटवर्कवर कास्तकारांच्या चुकाऱ्याचे हिशेब चालतात, त्याच नेटवर्कवर मामांची फरदड उभी होती.

मी त्यांना सांगायला बसलो. बंदर, बोंडअळी, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“काटा बंद पडला काय आजवर? नाई. वजनात फरक आला काय? नाई. मंग काहून बदलू?”

“मामा, तुमचं काही जाणार नाही कदाचित. शेजारच्या जिनिंगचं जाईल.”

यावर ते थोडे थबकले. धुरा त्यांना कळतो, आयुष्य शेतीत गेलंय. मग म्हणाले, “तुहे ते अमेरिकेचे साहेब पाच वर्षं चूप बसले, अन् समजवाले तू मलेच आला?”

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, अजून नाही. एवढंच म्हणालो की त्यांच्या साहेबांपर्यंत माझा हात पोचत नाही, तुमच्या केबलपर्यंत पोचतो. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण न्याय्य आहे का? ज्यांचा हात दूरवर पोचतो त्यांना कुणी जाब विचारत नाही, आणि ज्यांच्यापर्यंत आपला हात पोचतो त्यांनाच आपण शहाणपण शिकवतो. आमच्या धंद्यातलं अर्धं ‘जनजागृती’ हेच आहे. बँकेचा मेसेज बघा, ‘कृपया सतर्क राहा’. सतर्क राहायचं कुणी, तर ज्याला भोक दिसतही नाही त्याने.

तरी मामांचा मुद्दा मान्य करूनही केबल काढायला हवी होतीच. दुसऱ्याचा दोष मोठा आहे म्हणून आपला शून्य होत नाही, आणि जिनिंगच्या हिशेबनिसाने या भांडणात कुणाचं काही बिघडवलेलं नाही. शेवटी तोडगा साधाच निघाला. काट्याच्या कंप्युटरचं नेट कापलं. तो आता कुणाशीच बोलत नाही, फक्त वजन घेतो आणि पावती छापतो. पावतीचा फोटो मामा फोनवरून पार्टीला पाठवतात. “फोटूच माराचा होता तं एवढं रामायण काहून सांगतलं?” असं ते म्हणाले, ते सोडा. फरदड ठेवायचीच असेल तर निदान तिच्यातली अळी बाहेर उडणार नाही एवढं झालं. हे सगळ्यांना जमणार नाही. ज्या दवाखान्याचं मशीन नेटशिवाय रिपोर्टच देत नाही, त्याने काय करावं? तिथे मशीन विकणाऱ्या कंपनीला विचारायला हवं की बाबा, तू वीस वर्षं चालणारं यंत्र दहा वर्षांत मरणाऱ्या सॉफ्टवेअरवर का विकलंस. फरदड कास्तकार ठेवतो, पण वाण किती दिवसांचं ते बियाणं विकणारा ठरवतो.

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचताय. अँड्रॉइड असेल तर त्याच्या आतही लिनक्सचाच कर्नल आहे. सेटिंगमध्ये जाऊन फोनची माहिती उघडा, तिथे शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसेल. कंपनीने ते पाठवणं कधी थांबवलं, हे फोन तुम्हाला स्वतःहून सांगत नाही. स्क्रीनवर डोमकळी उमलत नाही.

माझ्या आईच्या फोनमध्ये ती तारीख अडीच वर्षांपूर्वीची आहे. त्याच फोनवरून ती गॅसचे पैसे भरते, भिशीचे पाठवते. फोन छान चालतो. बॅटरी माझ्या फोनपेक्षा जास्त टिकते, असं ती मला अधूनमधून ऐकवत असते.